उभ्या धाग्यांची शिकवणी

घरातला एखादा जुना बनियन आणि एखादा जुना सुती सदरा घ्या, खिडकीपाशी न्या आणि भिंगातून बघा. बनियनच्या कापडात एकात एक अडकवलेल्या फासांच्या रांगा दिसतील. प्रत्येक फास खालच्या फासातून वर आलेला आणि त्याच्यातून पुढचा निघालेला. सदऱ्यात फास नावालाही सापडणार नाही. तिथे उभे धागे आहेत आणि त्यांच्या एकदा खालून, एकदा वरून गेलेले आडवे धागे आहेत, बस्स. बनियन ओढला तर ताणतो आणि सोडला की जागेवर येतो. सदरा तसा ताणणार नाही. फार जोर केला तर फाटेल. तमिळनाडूतलं तिरुपूर पहिल्या प्रकारच्या कापडावर मोठं झालं. आपलं इचलकरंजी दुसऱ्या प्रकारच्या कापडावर. विठ्ठलराव दातारांनी तिथे 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला आणि गावाचं नशीब पालटलं. रोज सकाळी आपण ही दोन्ही कापडं एकावर एक अंगात चढवतो. ती दोन निराळ्या विचारांनी घडलेली आहेत, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

माझ्याही आलं नव्हतं, आणि मी तर जन्मभर सुयांवर विणत आलेली बाई. लोकरीचा गुंडा आणि दोन सुया पिशवीत नाहीत असा माझा प्रवास झालेला नाही. दवाखान्याच्या बाकावर, लग्नघरात, एसटीत, रात्री आजाऱ्याच्या उशाशी मी विणलं आहे. आमच्या पिढीच्या मुलींना ही कला आईकडून आणि शाळेतल्या शिवणाच्या बाईंकडून मिळाली. आईच्या पिढीला 1962 चं चीनचं युद्ध चांगलं आठवायचं. तेव्हा देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणून पाठवल्या होत्या. महाराष्ट्रात थंडी ती किती, पण बाळ जन्माला येणार असं कळलं की टोपडं आणि मोजे सुईवर चढायचे. मोठ्याचा स्वेटर तोकडा झाला की उसवायचा, लोकर वाफेवर धरून तिच्यातल्या वळ्या काढायच्या आणि धाकट्यासाठी पुन्हा विणायचा. एकच लोकर तीन मुलांच्या अंगावर वाढलेली मी पाहिली आहे.

सुयांवरच्या विणकामाचं सगळं सुख या उसवण्यात आहे. धागा एकच असतो. गळा मोठा वाटला, चार ओळी मागे जा. वेणीची वीण आवडेना, जाळी घाल. बाह्या पुऱ्या की अर्ध्या, हे पाठ विणून झाल्यावर ठरवलं तरी चालतं. काहीही न ठरवता टाके घालून सुरुवात केलेले माझे कितीतरी स्वेटर नीट पूर्ण झाले आहेत. हाताला अशी सवय लागली की मनालाही लागते.

मागाकडे मला नेलं ते काळ्या लोकरीनं. माणदेशातल्या एका जत्रेत धनगर बाईकडून तिच्या हातचं सूत विकत घेतलं होतं. दख्खनी मेंढीची ती लोकर. कोळशासारखी काळी, मधूनच तपकिरी झाक, मेंढीच्या अंगाचा तेलकट वास असलेली. हौसेनं सुईवर घातली, पण ती काही सुईला वश होईना. लुधियानाच्या गिरण्यांतून येणारी आपल्या ओळखीची लोकर मऊ, फुगीर, लवचीक असते. ही राठ होती आणि तिला पीळ इतका घट्ट होता की विणलेला तुकडा एका बाजूला तिरका व्हायचा. गळ्याला लागली की टोचायची. पुढे एका जाणत्या माणसानं सांगितलं की ही लोकर सुईची नव्हेच, ही मागाची. तिला घोंगडंच व्हायचं असतं. मग ते कसं होतं ते शिकावं, एवढाच विचार तेव्हा मनात होता.

सरळ घोंगड्याच्या मागावर नवख्या माणसाला कुणी बसवत नाही. पुण्यात ओळखीच्या एका बाईंकडे टेबलावर ठेवायचा लहानसा लाकडी माग होता. अक्षरं तिथे गिरवली. बाईंनी पहिल्या दिवशी मागाला हात लावू दिला नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. एक फूट रुंद आणि दोन मीटर लांब असा साधा सुती मफलर करायचा ठरला. इंचात दहा उभे धागे धरले तर एका फुटाला 120. मफलर दोन मीटरचा असला तरी ताणा, म्हणजे या उभ्या धाग्यांचा संच, तेवढा पुरत नाही. मागाला पुढे-मागे बांधायला, शेवटी जिथे आडवा धागा नेणारा धोटा पोचत नाही त्या टोकाला आणि कापड धुतल्यावर आटतं त्यासाठी जास्त लागतो. म्हणून प्रत्येक धागा तीन मीटर. 120 गुणिले 3, म्हणजे 360 मीटर सूत नुसतं उभं राहायला. त्यातल्या प्रत्येक धाग्याची लांबी सारखी, क्रम ठरलेला आणि ताण एकच हवा. धागे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून खुंट्यांभोवती ताणा घेताना मध्ये एक फुली पाडायची असते. एक धागा खुंटीच्या पुढून, दुसरा मागून. ती फुली सुटली की सगळा क्रम गेला.

मग एकेक धागा मागावर चढवायचा. मागे रुळावर गुंडाळायचा, दोऱ्यांच्या फासातून ओवायचा, फणीच्या दातांतून काढायचा, पुढे बांधायचा. असं 120 वेळा. एक धागा चुकीच्या घरात गेला तर कापडात वरपासून खालपर्यंत रेघ दिसते, आणि ती विणायला लागेपर्यंत कळत नाही. पहिला आडवा धागा जाईपर्यंत रंग, रुंदी, लांबी, पोत, पट्ट्यांचा हिशोब, सगळे निर्णय घेऊन झालेले असतात. सुयांवर विणणाऱ्या बाईला यातली प्रत्येक गोष्ट वाटेत ठरवायची सवय. मागावर वाट आधी आखायची, आणि मग तिच्यावरून चालायचं.

पण एकदा ताणा चढला की गतीला तोड नाही. हिशोब मांडूनच बघा. एक फूट रुंद, दोन मीटर लांबीचा मफलर सुयांवर विणायचा, तर इंचाला पाच टाके धरून ओळीत 60 टाके होतात. इंचाला सात ओळी धरल्या तर दोन मीटरला साधारण साडेपाचशे ओळी. म्हणजे 33 हजार टाके, एकेक करून, बोटांनी. त्याच मापाचा मफलर मागावर इंचाला दहा आडव्या धाग्यांनी विणला तर धोटा साधारण आठशे वेळा इकडून तिकडे जातो आणि मफलर तयार होतो. हा आकडा कागदावर मांडला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. हजारो वर्षं माणसानं अंग झाकलं ते मागावरच्या कापडानं; सुयांवरचं विणकाम त्या मानानं अगदी अलीकडचं. यामागचं एक मोठं कारण या आकड्यातच आहे. आणि 33 हजार टाके घालून वाढदिवसाला दिलेला मफलर ‘घरीच तर केलाय’ म्हणून स्वीकारला जातो, हेही तेव्हाच मनात आलं.

हाताला मात्र खूप काही नव्यानं शिकावं लागतं. सुयांवर काम करणारी बाई धागा बोटाला गुंडाळून सतत किंचित ओढत असते. टाका घट्ट आणि एकसारखा येतो तो त्या ओढीमुळे. हीच ओढ मागावर घात करते. आडवा धागा जरा ओढला गेला की दोन्ही काठ आत येतात. बारा इंचांनी सुरू झालेलं कापड हळूहळू अकरा होतं, काठाचे उभे धागे फणीला घासतात आणि तुटतात. म्हणून आडवा धागा उभ्या धाग्यांमधल्या वाटेतून गेल्यावर लगेच फणी मारायची नसते. तो कमानीसारखा सैल टाकायचा आणि मग फणीनं बसवायचा. उभ्या धाग्यांच्या खालून-वरून जाताना त्याला लागणारी जास्तीची लांबी त्या कमानीतून मिळते. हे पुस्तकात एका ओळीचं आहे. हाताला पटायला फार दिवस लागतात.

गाठीचंही तसंच. सुयांवर काम करणाऱ्या आम्ही बायका गाठीला फार भितो. नवा गुंडा जोडताना जुन्या आणि नव्या लोकरीचे पदर उलगडून एकमेकांत पीळ देतो, टोकं मागे ओवून लपवतो. गाठ दिसली तर तो गबाळेपणा समजला जातो. मागावर उभा धागा तुटणं रोजचंच, आणि तुटला की गाठ मारायचीच. विणकराची गाठ इतकी लहान आणि सपाट असते की फणीच्या दातांतून सहज सरकते, आणि ओढावी तितकी घट्ट होते. ती एका हाताच्या बोटांत कशी पडते हे बघता बघताच पडून जाते.

आणि उसवणं? मागावर ते अगदीच नाही असं नाही. पण धोटा आला त्याच वाटेनं उलटा न्यावा लागतो. प्रत्येक आडवा धागा, उलट्या क्रमानं, उलट्या पायपट्टीनं. चार बोटं उसवायला चार बोटं विणण्याच्या दुप्पट वेळ जातो आणि उभे धागे घासून कमजोर होतात. पूर्ण झालेलं, मागावरून कापलेलं कापड स्वेटरसारखं उसवून परत सूत होत नाही.

इथे गांधीजींची एक गोष्ट सांगायला हवी, कारण मागाबाहेरच्या माणसानं माग शिकणं किती अवघड असतं ते तिच्यात आहे. चरखा आणि हातमाग हा देशाच्या दारिद्र्यावरचा उपाय म्हणून ‘हिंद स्वराज्य’मध्ये मांडला, तेव्हा आपण माग किंवा चरखा पाहिल्याचं आठवत नव्हतं, असं त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. अहमदाबादच्या आश्रमात माग आणले गेले, पण तिथे सगळे लिहिणारे-वाचणारे किंवा व्यापारात वाढलेले. माग चालवणारं कुणी नाही. शोधाशोध करून पालनपूरहून एक विणकर मिळाला. त्यानं शिकवलं, पण आपली सगळी कला काही दिली नाही. यंत्रांची उपजत जाण असलेल्या मगनलाल गांधींनी नेटानं बाकीचं हस्तगत केलं आणि मग आश्रमात एकामागून एक विणकर तयार झाले. पुढे 1922 सालच्या खटल्यात न्यायालयानं व्यवसाय विचारला तेव्हा गांधीजींनी शेतकरी आणि विणकर असं सांगितलं.

त्या पालनपूरच्या माणसाचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यानं हात का आखडला असेल? त्याच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या जगवणारं जे काही होतं ते त्याच्या बोटांतच होतं. ते हौशी, शिकलेल्या माणसांना देऊन टाकल्यावर त्याच्याकडे उरणार काय होतं? मी माणदेशात घोंगडं विणणाऱ्या सणगराच्या दारात गेले ती हा प्रश्न मनात घेऊनच.

माणदेश म्हणजे माण, आटपाडी, सांगोला, जत या भागातला कोरडा मुलूख. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ज्यांनी वाचली आहे त्यांना तिथली माणसं आणि मेंढरं माहीत आहेत. मेंढरं धनगराची आणि घोंगडं सणगराचं, अशी तिथली जुनी वाटणी. धनगर वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतो. कातरण्याआधी त्यांना ओढ्यात किंवा तळ्यात घालून धुतो. लोकर पिंजली जाते, धनगरांच्या बायका तिचं सूत काढतात, आणि ते सूत सणगराच्या घरी जातं. पहिल्यांदाच कातरलेल्या कोकराच्या लोकरीला जावळ म्हणतात. ती सगळ्यांत मऊ, आणि जावळाचं घोंगडं सगळ्यांत मोलाचं. रंगाची गरज नसते. मेंढी काळी तर घोंगडं काळं. पांढऱ्या लोकरीच्या काठानं शोभा येते.

ज्यांच्याकडे मी बसले त्या सणगर मामांनी हात आखडला नाही. विचारलं ते सगळं दाखवलं. आपल्यानंतर मागावर बसणारं घरात कुणी नाही, हे त्यांनी बोलता बोलता सांगून टाकलं होतं. कदाचित म्हणूनही असेल. पालनपूरच्या विणकराला आपली कला जपायची होती. मामांना ती कुठेतरी ठेवायची होती.

माग जमिनीतल्या खड्ड्याचा. विणणारा खड्ड्याच्या कडेला बसतो आणि पाय आत, पायपट्ट्यांवर. मातीतला ओलावा खालून वर येत राहतो आणि त्यामुळे लोकरीचं सूत कोरडं पडून तुटत नाही. समोर लांबवर पसरलेला ताणा खुंट्याला दोरानं ताणून बांधलेला. आणि हा ताणा मी टेबलावर ओवलेल्या सुताहून अगदी वेगळा होता. हातानं काढलेलं लोकरीचं सूत केसाळ, त्याचे केस शेजारच्या धाग्याला चिकटतात आणि धोट्याची वाट नीट उघडत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून त्यांची टरफलं काढायची, दळायचे, शिजवून खळ करायची. मोकळ्या जागेत ताणा पसरून ती कुंच्यानं धाग्याधाग्याला लावायची, आणि उन्हात वाळवायची. वाळल्यावर तेच सूत तारेसारखं ताठ होतं. आमच्या गिरणीच्या मऊ लोकरीचं जे कौतुक, की ती लवचीक असते, तेच मागावर तिचं वैगुण्य ठरतं. मागावर ताणून धरलेली लवचीक लोकर कापड सुटल्याबरोबर आखडते आणि सगळं माप बिघडतं. काळ्या राठ लोकरीचा जो दोष म्हणून मी मनात धरला होता, तोच इथे तिचा गुण होता.

ताण्यापाशी बसले तेव्हा हात आपल्या जुन्या सवयीनं धागा ओढायला लागला. मामा म्हणाले, “ताई, दोरा वढू नगा. त्येला पडू द्या.” पुण्यात कमानीची जी गोष्ट ऐकली होती तीच ही.

मामी दारात बसून कांड्या भरत होत्या. धोट्यात बसणारी कांडी भरायची म्हणजे सूत सैलही नको आणि घट्टही नको. सैल असेल तर धोट्यात गुंता होतो, घट्ट असेल तर काठ आत ओढला जातो. म्हणजे कापडाचा काठ सरळ येणार की वाकडा, हे निम्मं कांडी भरणाऱ्या हातावर असतं. ताणा खुंट्यांवर घेताना येरझाऱ्या घालायच्या त्या मामींनी. चिंचोके भाजायचे, दळायचे, खळ शिजवायची ती त्यांनीच. खळ लावताना ताण्याच्या दुसऱ्या बाजूला त्याच उभ्या असतात. मी सहज विचारलं, तुम्ही किती वर्षं विणताय? त्या हसल्या. “म्या कुठं इनतीया? इनत्यात ह्येच. म्या आपली कांड्या भरती.”

त्या वाक्यानं मला जे शिकवलं ते कुठल्याही मागानं शिकवलं नाही. एका घोंगड्याचं काम बघा. मेंढी राखणं, धुणं, कातरणं, पिंजणं, सूत काढणं, ताणा घेणं, खळ करणं, लावणं, ओवणं, कांड्या भरणं, आणि मग विणणं. यातलं शेवटचं तेवढं विणकाम म्हणून ओळखलं जातं. सर्वांत जास्त वेळ सूत काढण्यात जातो. ही काही आजची आणि फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. इंग्लंडात 1733 साली जॉन के यांनी धावता धोटा केला, माग भराभर चालू लागले आणि सूत कमी पडायला लागलं. सूत काढणाऱ्या बायकांचे हात मागाला पुरेनात, म्हणून सूत काढायची यंत्रं शोधायची धडपड वाढली. शाळेत आपण औद्योगिक क्रांती म्हणून जे पाठ केलं त्याच्या मुळाशी चरख्यावर बसलेली बाई आहे. मुंबईच्या गिरण्यांतही तेच होतं. साचाखात्यात, म्हणजे मागांवर, पुरुष, आणि बायका प्रामुख्यानं सूत उलगडून बॉबिनवर भरायच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. मामींची कांडीच तिथे यंत्रावर चढलेली.

देशाच्या चौथ्या हातमाग गणनेत, 2019-20 मध्ये, हातमागावर आणि त्याच्या जोडकामात मिळून 35 लाखांहून अधिक कामकरी नोंदले गेले. त्यांतल्या 72 टक्क्यांच्या आसपास बाया. म्हणजे कागदावर तरी त्यांची नोंद आता होते, ही चांगली गोष्ट आहे. पण 7 ऑगस्टला, 2015 पासून साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय हातमाग दिनी, जो फोटो छापून येतो तो बहुतेक वेळा धोटा हातात असलेल्या माणसाचा असतो. आणि सणगराच्या किंवा कोष्ट्याच्या घरात मजुरी ठरते ती नगावर, एका घोंगड्याला इतके, एका साडीला इतके. त्या नगात घरातल्या बाईचे तास गृहीत धरलेले असतात. ते वेगळे कुणी मांडत नाही. मामींना तर आपण काम करतो असंही वाटत नव्हतं.

सुयांवर विणणाऱ्या आम्हा बायकांना हे सगळ्यांआधी समजायला हवं होतं. आमच्या टाक्यांचा तरी हिशोब कुणी केला आहे? 33 हजार टाक्यांच्या मफलरची किंमत विचारली तर आपणच लोकरीची किंमत सांगतो. पण आमचं पोट त्यावर नसतं, आणि हा फरक फार मोठा आहे. मी चुकले तर उसवते. मामींनी भरलेली कांडी बिघडली तर घोंगडं बिघडतं, आणि बिघडलेल्या घोंगड्याचे पैसे कमी येतात.

घोंगड्याची आजची स्थिती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. दख्खनी मेंढी आता मुख्यतः मटणासाठी पाळली जाते. जत भागातली माडग्याळ जातीची मेंढी अंगानं मोठी आणि मांसाला चांगली, पण लोकरीला जवळजवळ निरुपयोगी. तिच्याशी संकर वाढला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी घडवली. धनगराच्या हाती चार पैसे जास्त यावेत म्हणून केलेलं हे मोलाचं काम आहे, आणि त्याला नावं ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. पण या सगळ्यात लोकरीचा भाव पडला तो पडलाच. कातरण्याची मजुरीही सुटत नाही म्हणून कातरलेली काळी लोकर रानात टाकून दिली जाते. मेंढीला मात्र उन्हाळ्यात कातरावंच लागतं. दुसऱ्या बाजूनं पानिपतची ब्लँकेटं येतात. जुने लोकरी कपडे फाडून, त्यांचं पुन्हा सूत करून विणलेली, स्वस्त आणि रंगीत. गावोगावच्या बाजारात तीच चालतात.

कायदा हातमागाच्या बाजूनं आहे. 1985 च्या केंद्रीय कायद्यानं काही वाणं फक्त हातमागासाठी राखून ठेवली आहेत. पूर्वी ती 22 होती, आता 11 उरली आहेत, आणि त्या 11 मध्ये कांबळं आणि मफलर ही दोन्ही आहेत. अंमलबजावणी किती होते ते कुठल्याही आठवडी बाजारात जाऊन पाहता येईल. माझ्या मते राखीव यादीवर विसंबून घोंगडं जगणार नाही. ते जगेल ते घेणाऱ्यावर. आणि घेणारे आहेत. मेंढपाळाला पावसात डोक्यावर खोळ करून घ्यायला घोंगड्यासारखं दुसरं काही नाही. लोकरीतलं तेल आणि दाट वीण यांमुळे पाणी लवकर आत शिरत नाही. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत आणि जेजुरीला खंडोबाच्या दारात घोंगड्याला अजून मान आहे. शहरातही जमिनीवर अंथरायला, ध्यानाला बसायला, हिवाळ्यात पांघरायला लोक ते विचारत येऊ लागले आहेत.

शहरांत हौसेनं माग शिकणाऱ्यांची संख्या वाढते आहे, त्यांत माझ्यासारख्या सुया सोडून आलेल्या बायका बऱ्याच आहेत. त्याचा मला आनंदच आहे. सुया मी सोडलेल्या नाहीत, सोडणारही नाही. बाळाचं टोपडं मागावर होत नाही. पण माग शिकून जर आपण फक्त स्वतःसाठी चार मफलर केले आणि ते आयात केलेल्या लोकरीचे केले, तर मामांनी मोकळ्या हातानं जे दिलं त्याचं आपण काही केलं नाही, असं मी मानते. शिकणाऱ्यांनी आपला पहिला लोकरी ताणा दख्खनी लोकरीचा घालावा. ती टोचते, म्हणून तिची शाल करू नये. तिचं आसन करावं, जाजम करावं, दारात टांगायचा पडदा करावा, जाड पिशवी करावी. सूत धनगर बाईकडून घ्यावं, आणि गुंड्यामागे आपण शहरातल्या दुकानात गिरणीच्या लोकरीला जेवढे पैसे मोजतो त्याहून कमी देऊ नयेत. हातानं काढलेल्या सुताला यंत्राच्या सुतापेक्षा कमी दाम देणं मला तरी लाजिरवाणं वाटतं.

आणि ज्यांना विणायचं नाही, नुसतं वापरायचं आहे, त्यांच्यासाठी. या हिवाळ्यात एखादं घोंगडं विकत घ्या. शक्यतो माणदेशात, पट्टणकोडोलीच्या जत्रेत, सणगराच्या घरी जाऊन घ्या. घासाघीस करू नका. पांघरायला जावळाचं मागा, अंथरायला साधं चालेल. घरी आणल्यावर सुरुवातीला लोकरीला वास येईल, केस गळतील. काही दिवस सावलीत वाऱ्यावर टांगून ठेवा, ते कमी होतं. वॉशिंग मशीनमध्ये कधीही घालू नका. आणि घेताना विणणाऱ्याचं नाव विचाराल तेव्हा सूत कुणी काढलं, खळ कुणी लावली आणि कांड्या कुणी भरल्या, त्यांचीही नावं विचारा आणि लिहून घ्या.